परळची बाटली आणि कसौलीचा परवाना

यशवंतपूर हे आज बंगळूर शहरात पूर्णपणे सामावलेले, गजबजलेले रेल्वे जंक्शन आहे. शेजारीच भारतीय विज्ञान संस्थेचा झाडांनी भरलेला विस्तीर्ण परिसर आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मात्र हा भाग शहराबाहेर होता, आणि येथून तुमकूर, हरिहरमार्गे हुबळीकडे जाणाऱ्या मीटरगेज लोहमार्गावर सदर्न मराठा रेल्वेच्या गाड्या धावत. १८९६ साली मुंबईत उद्भवलेला प्लेग दक्षिणेकडे सरकत हुबळी-धारवाडला पोहोचला आणि ऑगस्ट १८९८ मध्ये हुबळीच्या बाजूने, रेल्वेच्याच वाटेने बंगळुरात शिरला. रोगामागोमाग त्याच्यावरची लसही आली. हुबळीत ती हजारो लोकांना टोचली गेली. म्हैसूर संस्थानातही तिचा वापर झाला. ही सारी लस मुंबईतल्या एकाच प्रयोगशाळेत तयार होत होती.

ही प्रयोगशाळा सरकारी होती. लसीची मागणी करणारे प्रांतही सरकारचेच, आणि काही बिघडले तर चौकशी करणारेही सरकारच. मागणीदार, उत्पादक आणि तपासनीस या तीन भूमिका एकाच हाती असल्या म्हणजे लसीच्या पुरवठ्याचे काय होते, याची दोन ठळक उदाहरणे भारताच्या इतिहासात आहेत. एक १९०२ सालचे, दुसरे २००८ सालचे.

ओडेसात जन्मलेले आणि पॅरिसच्या पाश्चर संस्थेत घडलेले वाल्डेमार हाफकिन १८९३ मध्ये पटकीची लस घेऊन भारतात आले होते. मुंबईत प्लेग सुरू होताच त्यांना तेथे पाठवण्यात आले. भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजातील एक खोली आणि व्हरांडा एवढ्या जागेत, मोजक्या मदतनिसांसह त्यांनी सुमारे तीन महिन्यांत लस सिद्ध केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी पहिली मात्रा स्वतःलाच टोचून घेतली. महिनाअखेर भायखळ्याच्या तुरुंगात स्वेच्छेने पुढे आलेल्या कैद्यांवर तिची चाचणी झाली. ऑगस्ट १८९९ मध्ये प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नर निवासात हलली. आजची हाफकिन संस्था ती हीच.

लस करण्याची कृती आजच्या विद्यार्थ्याला नवलाची वाटेल. गोमांस किंवा डुकराचे मांस वापरले तर लोक लस नाकारतील, म्हणून हाफकिन यांनी बोकडाच्या मांसापासून पोषक द्रव तयार केला. त्याच्या पृष्ठभागावर तुपाचे थेंब सोडले जात. प्लेगचे जंतू त्या थेंबांना धरून खाली लोलकांसारखे लोंबत वाढत. फ्लास्क हलवला की ते तुटून तळाशी बसत आणि वर नवे लोलक धरू लागत. असे पाच-सहा आठवडे चाले. मग उष्णतेने जंतू मारले जात आणि शेवटी अर्धा टक्का कार्बोलिक आम्ल मिसळले जाई. या आम्लाचा प्लेगपासून मिळणाऱ्या संरक्षणाशी संबंध नव्हता. बाटली भरताना वा उघडताना बाहेरचा एखादा जंतू आत शिरलाच, तर त्याची वाढ होऊ नये एवढ्यासाठी ते होते.

या सगळ्यावर कायद्याचे नियंत्रण किती होते? जवळजवळ नाहीच. फेब्रुवारी १८९७ मध्ये सरकारने साथरोग कायदा केला होता. त्याच्या बळावर पुण्यात सोजिरांनी घरात शिरून केलेल्या झडत्या आणि त्यानंतर जून महिन्यात झालेला रँडचा वध मराठी वाचकाला नव्याने सांगायला नको. प्रवाशांना अडवण्याचे, घरे रिकामी करवण्याचे, संशयितांना छावणीत नेण्याचे अधिकार त्या कायद्याने दिले. परंतु लस कोणी बनवावी, कोणत्या जागेत, कोणत्या कसोटीला उतरल्यावर ती बाहेर पाठवावी, याविषयी त्यात अक्षर नव्हते. निर्बंध होता तो लोकांवर. बाटलीतल्या द्रवाची जबाबदारी ती भरणाऱ्या शास्त्रज्ञाच्या विवेकावर सोपवलेली होती.

१९०२ मध्ये पंजाब सरकारने प्रचंड मोठ्या प्रमाणावर लसीकरण करायचे ठरवले आणि परळकडे लाखो मात्रांची मागणी नोंदवली. तुपाच्या थेंबांवर सहा आठवडे वाढणारी लस या वेगाला पुरी पडणे शक्य नव्हते. हाफकिन यांनी पद्धत बदलली. जंतू आता द्रवात नव्हे तर आगरच्या पृष्ठभागावर वाढवले जाऊ लागले, त्यामुळे काळ पुष्कळ वाचला. आणि कार्बोलिक आम्ल वगळून केवळ उष्णतेवर भिस्त ठेवली गेली. पॅरिसच्या पाश्चर संस्थेत तशी पद्धत आधीच वापरात होती, म्हणजे हा बदल शास्त्राला सोडून नव्हता. परंतु उत्पादनाची पद्धत बदलली तर ती कोणी त्रयस्थाने तपासून मान्य करायची असते, असा दंडकच तेव्हा अस्तित्वात नव्हता. मागणीचा रेटा मात्र होता.

३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मुल्कोवाल गावी (आता ते पाकिस्तानात आहे) १०७ जणांना लस टोचण्यात आली. त्यासाठी पाच बाटल्या वापरल्या गेल्या. त्यांपैकी ‘५३-एन’ या एकाच बाटलीतून ज्यांना लस मिळाली ते १९ जण आठवड्याभरात धनुर्वाताने आजारी पडले आणि सर्वच्या सर्व मरण पावले. उरलेल्या चार बाटल्यांची लस घेतलेल्यांना काहीही झाले नाही.

सरकारने नेमलेल्या चौकशी आयोगाचे अध्यक्ष होते मुंबईचे मुख्य न्यायाधीश सर लॉरेन्स जेंकिन्स. त्यांच्याबरोबर दोन लष्करी डॉक्टर होते. त्यांतले एक मेजर डेव्हिड सेम्पल, कसौलीच्या पाश्चर संस्थेचे संचालक. आयोगाचा निष्कर्ष असा की, दूषितीकरण मुल्कोवालला बाटली उघडण्याआधीच, म्हणजे परळलाच झाले. आणि कार्बोलिक आम्ल वगळणे ही चूक होती. हाफकिन यांना पदावरून दूर करण्यात आले. १९०४ मध्ये त्यांनी भारत सोडला.

वस्तुस्थिती निराळी असण्याचा दाट संभव होता. मुल्कोवालला बाटली उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करता पुन्हा वापरला गेला, अशी साक्ष आयोगापुढेच झाली होती. बाटली परळला भरून ४१ दिवस झाले होते. धनुर्वाताचे जंतू इतके दिवस आत वाढत असते तर तिला उग्र दुर्गंधी आली असती, पण टोचणाऱ्या डॉक्टरला तशी काही जाणवली नव्हती. ही कागदपत्रे भारत सरकारने प्रसिद्ध केली ती १९०६ च्या डिसेंबरात. मग लंडनच्या लिस्टर संस्थेने पुरावा तपासला, आणि १९०७ च्या जुलैत रोनाल्ड रॉस यांच्यासह दहा नामवंत जंतुशास्त्रज्ञांनी ‘टाइम्स’मध्ये पत्र लिहून हाफकिन यांच्यावरील ठपका चुकीचा असल्याचे जाहीर केले. त्या वर्षाच्या अखेरीस ते दोषमुक्त झाले. कलकत्त्यात परत कामही मिळाले. पण परळची प्रयोगशाळा पुन्हा त्यांच्या हाती आली नाही.

दरम्यान पंजाबातील मोहिमेवरचा विश्वास ओसरला होता आणि योजलेल्या प्रमाणात लसीकरण झालेच नाही. १९०७ या एकाच वर्षी पंजाब प्रांतात प्लेगने सहा लाखांहून अधिक माणसे नेली. हे सर्व मृत्यू मुल्कोवालच्या माथी मारणे इतिहासाला धरून होणार नाही. लस तेव्हाही पूर्ण संरक्षण देत नव्हती आणि गावोगावी विरोध आधीपासून होता. तरी एका बाटलीच्या अपघाताने एका प्रांताचा लसपुरवठा कोलमडला हे खरे.

याच सुमारास अमेरिकेत जवळजवळ अशीच दुर्घटना झाली होती. १९०१ मध्ये सेंट लुई शहरात घटसर्पाच्या प्रतिविषामुळे १३ मुले धनुर्वाताने दगावली. ज्या घोड्याच्या रक्तापासून ते प्रतिविष काढले होते त्यालाच धनुर्वात झालेला होता. तेथे प्रतिविष शहराच्या आरोग्य खात्यानेच बनवले होते, म्हणजे बनवणारा हात तेथेही सरकारीच होता. परंतु परिणाम वेगळा झाला. १ जुलै १९०२ रोजी अमेरिकन काँग्रेसच्या कायद्याने लसी आणि प्रतिविषे बनवणाऱ्या प्रत्येक संस्थेला परवाना आणि तपासणी बंधनकारक केली. मुल्कोवाल त्यानंतर चारच महिन्यांनी घडले. अमेरिकेत अपघातातून कायदा निर्माण झाला. भारतात एका शास्त्रज्ञाला शिक्षा झाली आणि कायद्याची जागा रिकामीच राहिली. कर्नल रामनाथ चोप्रा यांच्या समितीने १९३०-३१ मध्ये देशातील औषधांच्या शोचनीय दर्जाचा लेखाजोखा मांडला, त्यावर आणखी काही वर्षे विचार झाला, आणि औषधांविषयीचा पहिला सर्वंकष कायदा १९४० साली आला. मुल्कोवालला तोवर ३८ वर्षे झाली होती.

आयोगावरचे मेजर सेम्पल यांचे नाव येथे पुन्हा येते. १९०५ मध्ये हिमालयाच्या पायथ्याच्या टेकड्यांवर कसौली येथे केंद्रीय संशोधन संस्था स्थापन झाली आणि तिचे पहिले संचालक सेम्पल झाले. कार्बोलिक आम्लाने निष्क्रिय केलेली, त्यांच्याच नावाने ओळखली जाणारी रेबीजची लस त्यांनी तेथेच विकसित केली. निलगिरीत कुन्नूरला १९०७ मध्ये पाश्चर संस्था निघाली. स्वातंत्र्यानंतर लगेच, १९४८ मध्ये, मद्रासजवळ गिंडी येथे बीसीजी लस प्रयोगशाळा उभी राहिली. पुढील सहा दशके देशातील बालकांच्या लसीकरणाचा मोठा भार या तीन सरकारी संस्थांनी वाहिला: कसौली आणि कुन्नूर येथे घटसर्प, डांग्या खोकला व धनुर्वात यांची त्रिगुणी लस, गिंडीला क्षयाविरुद्धची बीसीजी. पीतज्वराची लस भारतात केवळ कसौलीत बने. १९८५ मध्ये सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रम सुरू झाला तेव्हा या संस्थांवरचे ओझे आणखी वाढले. इमारती आणि यंत्रे मात्र बव्हंशी जुनीच राहिली.

याच काळात नियम कडक होत गेले. औषध नियमावलीतील ‘अनुसूची एम’मध्ये उत्तम उत्पादन पद्धतींचे निकष घातलेले आहेत. २००१ मध्ये ती अनुसूची नव्याने लिहिली गेली आणि मुदतवाढीनंतर २००५ पासून तिची सक्ती झाली. आता केवळ तयार लस कसोटीला उतरणे पुरेसे नव्हते. हवा गाळण्याची व्यवस्था, माणसे आणि माल यांच्या वेगळ्या वाटा, प्रत्येक यंत्राचे प्रमाणीकरण, प्रत्येक पायरीची लेखी नोंद, हे सगळे असणे आवश्यक ठरले. यामागचे तत्त्व मुल्कोवालशी थेट जुळणारे आहे. शंभर बाटल्यांपैकी पाच तपासून उरलेल्या पंचाण्णवांची हमी देता येत नाही. ‘५३-एन’ ही बाटली नेमकी न तपासलेल्यांत असू शकते. म्हणून कारखाना आणि प्रक्रियाच तपासायची.

१५ जानेवारी २००८ रोजी भारताच्या औषध महानियंत्रकांनी कसौली, कुन्नूर आणि गिंडी या तिन्ही संस्थांचे उत्पादन परवाने निलंबित केले. उत्तम उत्पादन पद्धतींचे निकष पाळले जात नाहीत, हे कारण होते.

या निर्णयात एक विलक्षण गुंता होता. तिन्ही संस्थांचे मालक केंद्रीय आरोग्य मंत्रालय. परवाने निलंबित करणारे महानियंत्रक त्याच मंत्रालयाच्या अखत्यारीतले. या लसी विकत घेऊन राज्यांना देणारा लसीकरण कार्यक्रमही त्याच मंत्रालयाचा. संस्थांच्या नूतनीकरणासाठी पैसा मंजूर करायचा होता तोही तेथेच. म्हणजे ज्या घराने छप्पर दुरुस्त करायचे टाळले त्याच घराने छप्पर गळते म्हणून खोलीला कुलूप लावले आणि त्या खोलीत साठवायच्या धान्याची सोय मात्र केली नाही.

सरकारच्या बाजूने एक भक्कम युक्तिवाद होता आणि तो दुर्लक्षून चालणार नाही. जागतिक आरोग्य संघटना एखाद्या उत्पादकाची लस युनिसेफसारख्या संस्थांच्या खरेदीसाठी पात्र ठरवते ती त्या देशाची नियामक यंत्रणा सक्षम असेल तरच. पुण्याच्या हडपसर येथील सीरम इन्स्टिट्यूट, १९६६ मध्ये सायरस पूनावाला यांनी स्थापलेली, तोवर जगातील गरीब देशांना लसी पुरवणारी अग्रगण्य कंपनी झाली होती. देशातील नियामक आपल्याच सरकारी कारखान्यांकडे डोळेझाक करतो असे ठरले असते, तर पुण्यासह सगळ्या भारतीय उत्पादकांची निर्यात धोक्यात आली असती. नियम खासगी आणि सरकारी यांना सारखाच लागू हवा, हे तत्त्व म्हणूनही बरोबर आहे.

पण तत्त्व बरोबर असले तरी अंमलबजावणीचा क्रम चुकला होता. पर्यायी पुरवठा हाती येण्याआधी उत्पादन थांबले. राज्यांना लसींचा तुटवडा जाणवू लागला. खासगी उत्पादकांकडून अधिक खरेदी करावी लागली. पीतज्वराची लस परदेशातून आणण्याची वेळ आली. फेब्रुवारी २००९ मध्ये संसदेच्या स्थायी समितीने या तिन्ही संस्थांवर स्वतंत्र अहवाल देऊन निलंबनावर कठोर टीका केली. प्रकरण जनहित याचिकेच्या रूपाने सर्वोच्च न्यायालयातही गेले. फेब्रुवारी २०१० मध्ये निलंबन मागे घेण्यात आले, आणि माजी आरोग्य सचिव जाविद चौधरी यांच्या समितीने त्याच वर्षी सरकारी संस्था सावरून त्यांचे उत्पादन चालू ठेवण्याच्या बाजूने अहवाल दिला.

परवाना कागदावर एका दिवसात थांबतो आणि एका दिवसात परत मिळतो. लसीचे उत्पादन तसे सुरू होत नाही. पेशी आणि जंतूंचे मूळ साठे, प्रशिक्षित हात, प्रमाणित यंत्रे, सलग बॅचांच्या चाचण्या हे सारे पुन्हा उभे करावे लागते. कसौलीत नव्या निकषांनुसार बांधलेला त्रिगुणी लसीचा विभाग राष्ट्राला अर्पण झाला तो २०१६ मध्ये, निलंबनाला आठ वर्षे झाल्यावर. तमिळनाडूत चेंगलपट्टू येथे मोठे लस संकुल उभारायचे ठरले. ५९४ कोटी रुपयांचा तो प्रकल्प २०१२ मध्ये मंजूर झाला. मे २०२१ मध्ये, कोविडची दुसरी लाट शिगेला असताना, हे संकुल एकही लस न बनवता उभे होते आणि ते वापरात आणा अशी मागणी राज्याचे मुख्यमंत्री करीत होते. त्याच सुमारास परळचे नावही पुन्हा ऐकू आले. हाफकिन बायोफार्मास्युटिकल महामंडळाला कोव्हॅक्सिनच्या वर्षाला २२.८ कोटी मात्रा बनवण्याची अनुमती देऊन केंद्र आणि राज्य यांनी निधी जाहीर केला. आठ महिन्यांत हे काम व्हावे अशी अपेक्षा होती. अतिजोखमीचे विषाणू हाताळण्याजोगी प्रयोगशाळा तेथे मुळापासून उभारायची होती, हे पाहिले म्हणजे १९०२ च्या पंजाबची घाई आठवल्याशिवाय राहत नाही.

नियमनाने पुरवठा केवळ अडतो असे मात्र नाही. आफ्रिकेच्या सहाराच्या दक्षिणेकडील पट्ट्यात मेंदूज्वराच्या साथी वारंवार येत. त्यासाठी सीरम इन्स्टिट्यूटने जागतिक आरोग्य संघटना आणि पाथ या संस्थेच्या प्रकल्पात ‘मेनआफ्रिव्हॅक’ ही लस बनवली. तिची किंमत मात्रेला अर्ध्या डॉलरहून कमी होती. डिसेंबर २०१० मध्ये बुर्किना फासो येथे तिची मोहीम सुरू झाली. अडचण होती बर्फाची. इतर लसींप्रमाणे तिच्याही लेबलावर २ ते ८ अंश सेल्सिअस असेच तापमान लिहिलेले होते आणि विजेविना असलेल्या गावांपर्यंत शीतपेट्या पोहोचवणे जिकिरीचे होते. लस प्रत्यक्षात त्याहून टणक होती. उत्पादकाने स्थिरतेची आकडेवारी सादर केली, नियामकांनी ती तपासली, आणि २०१२ मध्ये ही लस ४० अंशांपर्यंतच्या तापमानात चार दिवस ठेवता येईल असे लेबलावर लिहिण्यास परवानगी मिळाली. त्या वर्षअखेर बेनिनमध्ये ती बर्फाविना गावोगाव नेली गेली. कुपीतल्या लसीत काडीचाही बदल झाला नव्हता. नियामकाच्या तपासलेल्या एका ओळीने तिचा पल्ला वाढला होता. येथे लस बनवणारा, मागणारा आणि तपासणारा हे तिघे वेगवेगळे होते, ही गोष्ट योगायोगाची म्हणता येणार नाही.

यशवंतपूरलगतच्या भारतीय विज्ञान संस्थेत याच प्रश्नावर काम झाले आहे. प्रा. राघवन वरदराजन यांच्या गटाने आणि तेथेच वाढलेल्या मिनव्हॅक्स या नवउद्योगाने कोविडच्या लसीसाठी उष्णता सहन करणारे प्रथिन विकसित केले. सुकवलेल्या रूपात ते ३७ अंशांना महिनाभर आणि १०० अंशांना ९० मिनिटे टिकते, असे त्यांच्या प्रयोगांत दिसले. प्रयोगशाळेतील हा निकाल आणि लेबलावरील ओळ यांमध्ये माणसांवरील चाचण्या, परवानाधारक कारखाना आणि सलग बॅचांच्या स्थिरतेच्या नोंदी असतात. यांतल्या शेवटच्या गोष्टीला शीघ्र चाचण्यांचा आधार घेता येतो, पण लस दोन वर्षे टिकते हे खात्रीने लिहायचे तर कुप्या दोन वर्षे प्रत्यक्ष ठेवून पाहाव्या लागतात.